क्रमिक ड्रॅक्युला पुस्तकमालिका, भाग पहिला

हे पुस्तक लखनौला बदली झालेल्या अशा मराठी माणसासाठी आहे, ज्याची संगीताची आवड चारचौघांत सांगण्यासारखी नाही. ठुमरी-दादऱ्याच्या या शहरात आठवड्याभरात कुणीतरी विचारणारच, "आप क्या सुनते हैं?" खरं उत्तर 'कॅसलव्हेनिया' हे असतं. म्हणजे १९८६ पासून चालत आलेली, ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात चाबूक घेऊन शिरणाऱ्या बेलमाँट कुळाची जपानी व्हिडिओ गेम मालिका. बहुतेक लोक हे उत्तर गिळतात आणि "बेगम अख्तर" म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. समोरचा लगेच "कौन-सी ग़ज़ल?" असं विचारतो आणि मग रात्रभर सुटका नाही. त्यापेक्षा कॅसलव्हेनिया म्हणा आणि पुढचे धडे पाठ करा.

साहित्य: एक हेडफोन (नाझा मार्केटमध्ये घासाघीस करून घ्यावा), एक वही, कानाची एक तरी पाळी शिल्लक.

धडा पहिला: आधार

मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या एका वकिलाने लखनौकरांना गाणं शिकवायचं कॉलेज काढलं आणि लखनौकरांनी ते चालू दिलं, ही गोष्ट आधी तोंडपाठ करा. वकिलांचं नाव विष्णु नारायण भातखंडे, साल १९२६, कॉलेजला नाव तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं. पुढे बरीच वर्षं तिथे प्राचार्य म्हणून बसले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, तेही मुंबईचेच. आज ती संस्था कैसरबागेत भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून उभी आहे, आणि तीही परीखान्यात, जिथे वाजिद अली शाह मुलींना नाच-गाणं शिकवून तयार करत असे. भातखंड्यांनी उस्तादांच्या घरात कुलूपबंद पडलेल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, राग दहा थाटांत लावले आणि क्रमिक पुस्तकं काढली. आपल्याला तेच काम करायचं आहे. फक्त आपले उस्ताद जपानी आहेत आणि त्यांच्या बंदिशी प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये आहेत.

धडा दुसरा: नाव कसं घ्यावं

पहिल्या खेळाच्या चाली किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींनी बांधल्या. यामाशिता तेव्हा कोनामी कंपनीत नुकत्याच लागल्या होत्या. त्यांचं नाव घेताना उजव्या हाताने कानाची पाळी धरावी. लखनौत याने निम्मं काम होतं. पंचाईत पुढे आहे. खेळ संपल्यावर येणाऱ्या नामावलीत त्यांचं नाव नाही. तिथे संगीतकार म्हणून 'जेम्स बनाना' लिहिलंय. १९५८च्या इंग्रजी 'ड्रॅक्युला' चित्रपटाला संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावाची ही टवाळी. बनानासाठी पाळी धरायची की नाही, याबद्दल शास्त्र मौन आहे. मी धरतो. कुणी हसलंच तर सांगावं की भातखंड्यांनी आपला संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने लिहिला होता. मोठी माणसं असं करतात.

धडा तिसरा: खरखर

त्या काळच्या जपानी यंत्रात, फॅमिकॉममध्ये, आवाजाच्या पाचच वाटा होत्या. दोन चौकोनी तरंगांच्या, त्यांवर सूर आणि त्याची साथ. एक त्रिकोणी तरंगाची, तिच्यावर खर्ज. एक नुसत्या खरखरीची, ताल धरायला. पाचवी ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. एवढ्या भांडवलात पाइप ऑर्गनचा आव आणायचा, हा या संगीताचा मूळ पराक्रम.

खरखरीवर ताल कसा धरतात हे समजत नसेल तर बड्या इमामबाड्यात जा. १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलाने हे बांधकाम काढलं. मधलं दालन सुमारे पन्नास मीटर लांब, आणि छताला एकही तुळई नाही. तिथला गाइड एका टोकाला काडी ओढतो किंवा कागद फाडतो आणि तुम्हाला दुसऱ्या टोकाला ते स्वच्छ ऐकू येतं. पर्यटक वास्तुशास्त्राचं कौतुक करतात. तुम्ही डोळे मिटून तो फाटणारा कागद ऐका: हाच फॅमिकॉमचा ढोल. गाइडला जरा लयीत फाडायला सांगितलं तर तो जादा पैसे मागेल. द्या.

या धड्याला एक पुरवणी आहे, फक्त समोरच्याला गप्प करण्यासाठी. १९८९च्या तिसऱ्या भागाच्या जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची व्हीआरसी-६ नावाची चिप घातली होती. तिने आणखी तीन आवाज मिळत, त्यातला एक करवती तरंगाचा, तंतुवाद्यांसारखा भरदार. अमेरिकी यंत्राला ती सोय नव्हती, म्हणून तिकडच्या कॅसेटमध्ये त्याच चाली पुन्हा पाच वाटांत कोंबाव्या लागल्या. तेव्हा कुणी 'बिगिनिंग' ही त्या भागाची चाल आवडते म्हणाला की आपण फक्त भुवई उचलून विचारायचं, "जपानी की अमेरिकी?" घराणं विचारण्याइतकाच दुष्ट प्रश्न आहे, आणि तितकाच उपयोगी.

धडा चौथा: थाट

वही उघडा. पहिल्या ऐकण्यात यातल्या पुष्कळ चाली आसावरी थाटात बसल्यासारख्या वाटतात: गंधार, धैवत, निषाद कोमल, बाकी शुद्ध. नवशिक्या खूश होऊन 'आसावरी' लिहितो आणि पुढच्याच ओळीत निषाद शुद्ध होऊन षड्जाला जाऊन चिकटतो. ही जुन्या बारोक युरोपी संगीताची खोड आहे, आणि कॅसलव्हेनियाच्या मंडळींचं बरंचसं सामान त्याच दुकानातलं. आता कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद म्हणजे झाला किरवाणी. कर्नाटक पद्धतीत बहात्तर मेळांतला एकविसावा, उत्तरेत पाहुणा म्हणून आलेला. भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला खोली नाही.

इथे घाबरून वही मिटू नका. दहा थाट अपुरे पडतात ही तक्रार जुनीच आहे. व्हॅम्पायरच्या वतीने ती करणारे तुम्ही पहिले, एवढंच. मात्र परीखान्याच्या दारात उभं राहून मोठ्याने करू नका. आत विशारदची मुलं रियाज करत असतात.

धडा पाचवा: समय

हा धडा सगळ्यांत महत्त्वाचा आणि लखनौत सगळ्यांत जास्त चालणारा. १९८७च्या दुसऱ्या भागात, 'सायमन्स क्वेस्ट'मध्ये, दिवस आणि रात्र असतात. दिवसा सायमन बेलमाँट रानावनातून हिंडतो तेव्हा केनिची मात्सुबारा यांची 'ब्लडी टिअर्स' वाजते. सूर्य मावळला की खेळ मध्येच थांबतो, पडद्यावर शापाची सूचना येते, उजेड जातो आणि चाल बदलून 'मॉन्स्टर डान्स' सुरू होते. गावात लोक दारं लावून घेतात, रानातली भुतं दुप्पट चिवट होतात. हवेलीच्या आत शिरलं तर काळ पुढे सरकत नाही, म्हणून तिथे तिसरीच चाल, 'ड्वेलिंग ऑफ डूम'.

भातखंड्यांचा नियम आठवा. वादी स्वर पूर्वांगात असला तर राग दुपारी बारा ते मध्यरात्रीपर्यंतचा, उत्तरांगात असला तर मध्यरात्र ते दुपारी बारापर्यंतचा. हे समयचक्र थोतांड आहे असं म्हणणारे गायक तेव्हाही होते, आजही आहेत. सभागृहात दिवे लावून सकाळचा तोडी रात्री दहाला गाणारेही आहेत. पण सायमन्स क्वेस्टमध्ये त्यांची डाळ शिजत नाही. रात्र झाली की दिवसाची चाल बंद म्हणजे बंद. तिथे पंडितजींचा नियम यंत्राने अमलात आणलाय, अपील नाही. आणि गंमत अशी की मालिकेतली सगळ्यांत रक्ताळ नावाची चाल भर उन्हातली आहे. कुणी रात्री अकराला 'ब्लडी टिअर्स' लावली तर हात जोडून अडवा, "हुज़ूर, ये तो दिन की चीज़ है।" तो माफी मागेल. लखनौ आहे.

नेटफ्लिक्सवाल्यांना कुणी अडवलं नाही. २०१८मध्ये त्यांच्या ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वात हीच चाल किल्ल्यातल्या हाणामारीत वाजली आणि जगभरचे रसिक सोफ्यावरून उठून ओरडले. समयाचा विचार एकाच्याही मनात आला नाही.

धडा सहावा: आवडती चाल कशी निवडावी

निवडू नये. ती आपोआप ठरते, आणि ठरते तुम्ही कुठे मेलात त्यावरून. पहिल्या खेळाच्या पाचव्या टप्प्यात यमाच्या खोलीआधी एक बोळ आहे. समोरून कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले, दोन्ही बाजूंनी हवेत लाट घेत येणारी मेड्युसाची मुंडकी. एक मुंडकं लागलं की माणूस मागे उडतो, मागे कुऱ्हाड असते. मेलात की चाल पुन्हा पहिल्या मात्रेपासून. चालीचं नाव 'हार्ट ऑफ फायर', जेमतेम मिनिटभराची, आणि तिचं आवर्तन तुम्ही जिवंत असेपर्यंतच चालतं. हाच तो पलटा, जो उस्ताद शागिर्दाकडून वर्षभर घोटून घेतो आणि कारण सांगत नाही.

म्हणून कुणी 'व्हॅम्पायर किलर' सर्वांत आवडतं म्हणाला तर समजा की तो पहिल्याच टप्प्यात वारला, किंवा खेळलाच नाही, यूट्यूबवरून ऐकून आलाय. त्याला पाणी विचारा. 'हार्ट ऑफ फायर' म्हणणाऱ्याला खुर्ची द्या. जो सहज सगळा खेळ संपवून बाहेर पडला, त्याचं मत विचारूच नका. त्याच्या कानात कुठलीच चाल दोनदा पडलेली नसते. दर पावलाला खेळ जतन करून ठेवणारे संगणकवाले याहून वाईट. त्यांच्या बंदिशीला कधी समच लागत नाही.

१९९७च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'पासून मात्र हा नियम बदलतो. इथे मिचिरु यामाने आहेत (पाळी), आणि यंत्र प्लेस्टेशन, म्हणजे आवाजाची गरिबी संपली. शिवाय हा खेळ टप्प्याटप्प्याचा नाही, अख्खा किल्ला एकच आणि तुम्ही त्यात भटकत राहता. इथे मरण कमी, चुकणं जास्त. तेव्हा आवड ठरते ती तुम्ही कुठे वाट चुकलात यावरून. यामाने यांनीही त्या बेताने चाली लांबवल्या, कुठे रॉक, कुठे प्रार्थनासंगीत, कुठे पाण्यासारखं काही. 'लॉस्ट पेंटिंग' ज्यांना रडवते ते सगळे उलट्या झालेल्या किल्ल्यात तासन्‌तास फिरलेले असतात, छतावरून चालत.

प्रात्यक्षिक

लखनौत हा किल्ला आयताच बांधलेला आहे, तुकड्यातुकड्याने. ग्रंथालयात वाजणारी 'वुड कार्व्हिंग पार्टिटा', जिच्यात हार्प्सिकॉर्डची तार एकेक करून खुडली जाते, ती ऐकायला कैसरबागेतल्या अमीरुद्दौला सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्या योग्य. इमामबाड्याच्या वरची भुलभुलैया कोणत्याही भटकंतीच्या चालीला चालते. मात्र एका कानातला हेडफोन काढून ठेवा, गाइडच्या हाका ऐकू यायला हव्यात.

मालिकेत किल्ला म्हटला की शेवटाकडे घड्याळाचा मनोरा लागतो, दातेरी चाकं फिरत असतात आणि मुंडकी परत येतात. हुसैनाबादचं घंटाघर १८८१चं, २२१ फूट उंच. त्याच्यासमोर बसून 'द ट्रॅजिक प्रिन्स' लावा. मुंडक्यांऐवजी कबुतरं मिळतील, आणि तीही लाट घेऊनच येतात.

ड्रॅक्युलाच्या दालनासाठी एकच जागा मला पटते: ला मार्टिनिअर. फ्रेंच मेजर जनरल क्लॉड मार्टिन याने स्वतःसाठी बांधायला घेतलेला हा कॉन्स्टँशिया महाल, वर सिंह, पुतळे, बुरूज, आणि १८०० साली वारल्यावर तो स्वतः त्याच महालाच्या तळघरात पुरलेला. कोनामीच्या लोकांनी हे पाहिलं असतं तर रेखाटनाचे पैसे वाचले असते. आता तिथे शाळा आहे. परवानगी घेऊन जा, हेडफोन खिशात ठेवा आणि मुलांसमोर चाबकाचे हातवारे करू नका.

मैफल

एवढं झालं की घरी चार जणांना बोलवा. गजल ऐकणारे दोन, न ऐकणारे दोन. क्रम असा: सुरुवातीला 'व्हॅम्पायर किलर', कारण ती सगळ्यांना समजते. मग किरवाणीचा वाद काढा, तो अर्धा तास खातो. मधे खायला काहीतरी हवंच. हिवाळा असेल तर चौकात गोल दरवाज्याजवळची मक्खन मलाई सकाळीच आणून ठेवावी, दुपारपर्यंत ती टिकत नाही हा भाग वेगळा.

शेवट अवघड आहे. मैफल भैरवीने संपते. 'सिम्फनी ऑफ द नाइट' कशाने संपतो? किल्ला कोसळतो, ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड पाठ फिरवून निघून जातो, नामावली वर सरकू लागते आणि अचानक सिंथिया हॅरल यांच्या आवाजात 'आय ॲम द विंड' नावाचं एक मऊ अमेरिकी प्रेमगीत सुरू होतं, पंचतारांकित हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजावं असं. आधीच्या कित्येक तासांशी त्याचा काडीचा संबंध नाही. रसिकांमध्ये याबद्दल दोन तट आहेत, आणि दोघेही ते गुपचूप पूर्ण ऐकतात. यजमानाने नामावली दिसताच आवाज कमी करून "चाय?" असं विचारावं. हात वेळेवर पोचला नाही आणि गाणं संपेपर्यंत वाजलंच, तर "माशाअल्लाह" एवढी दाद पुरे. चुकूनही "मुकर्रर" म्हणू नका. ज्याच्या हातात कंट्रोलर आहे तो खरंच पुन्हा ड्रॅक्युलाला मारायला बसेल.