बटाटा धरून की सोडून?

नवीन जालन्यात भाजीबद्दलचं अज्ञान औषधालाही सापडणार नाही. मामा चौकापासून बडी सडकेपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा आणि नुसतं 'भेंडी' म्हणा. टपरीवरच्या चार माणसांपैकी एक बियाणं कंपनीत नोकरीला असतो, दुसरा तिथूनच निवृत्त झालेला असतो, तिसऱ्याची स्वतःची छोटी कंपनी असते आणि चौथ्याचं या तिघांशी वाकडं असतं. उगवणशक्ती, हळद्या रोग, पांढरी माशी हे शब्द इथे चहाबरोबरच येतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या का पडतात यावर अर्धा तास बिनतोड व्याख्यान होतं. मग चौघेही शेजारच्या गाड्यावर जाऊन कचोरी खातात.

भेंडीचे या गावावर मोठे उपकार आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीहून 'पुसा सावनी' भेंडीचं बियाणं आणलं, इथे वाढवलं आणि त्या खटाटोपातून पुढे 1964 मध्ये 'महिको' ही बियाणं कंपनी उभी राहिली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एकामागून एक कंपन्या निघत गेल्या आणि जालना बियाण्यांची राजधानी झालं. ज्या भाजीनं एवढं केलं, तिचा एखादा सिमेंटचा पुतळा चौकात उभा राहायला हरकत नव्हती. आपल्याकडे त्याहून कमी कामावर पुतळे झालेले आहेत. पण ते राहू द्या, निदान भेंडी खावी की नाही? घरोघरची पोरं खातात, पण कुरकुरीत तळलेली. म्हणजे भाजी तेलाची, भेंडी नावापुरती.

वांग्याचं तर त्याहून वेगळंच झालं. महिकोनं तयार केलेल्या बीटी वांग्यावर देशभर इतकी चर्चा झाली, की तेवढी या देशात कुठल्या जावयावरही झाली नसेल. 2010 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला थांबवलं. 2014 पासून ते बांगलादेशातल्या शेतांत पिकतं आहे. आमच्या गल्लीतली पोरं शिकून फार तर पुण्याला जाऊन राहतात. वांगं थेट परदेशात स्थायिक झालं. टपरीवर अजूनही या विषयावर दोन तट पडतात. दोन्ही तटांच्या घरी वांगी केली की मात्र 'परत वांगी?' हा एकच सूर निघतो.

माझा एक आतेभाऊ देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीचं बियाणं घेतो. फूल उमलायच्या आत मजूर बायका चिमट्यानं त्यातले पुंकेसर अलगद काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचे पराग आणून त्या फुलाला लावतात आणि खूण म्हणून दोरा बांधतात. एकेका फुलाचं असं लग्न लावायचं म्हणजे खेळ नाही. फळ झाडावरच लालबुंद पिकवतात, चिरून बी काढतात, आणि उरलेला गर बांधावर जातो. शेडनेटच्या दारात पिशवी घेऊन आलेल्या नातेवाइकांना आतेभाऊ सरळ सांगतो, ''हे खायचं नाही, बियाण्याचं आहे.'' अर्ध्या एकरात मिरची लखलखत होती आणि रात्री मला तिथे जेवायला पिठलं होतं. मी ताटाकडे पाहिलं, तर वहिनी म्हणाल्या, ''भाऊजी, मिरचीचं नुसतं बी आहे घरात. त्याची भाजी करू का?'' पिकतं तिथं विकत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या भागात पिकतं, विकतंही चांगलं. शिजत तेवढं नाही.

मध्यंतरी एका सभागृहात आहारावर व्याख्यान झालं. व्याख्यात्या बाई संभाजीनगरहून आलेल्या होत्या आणि त्यांची तयारी चोख होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसानं दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या ताटात तर 2000 कॅलरींच्या आहारामागे 400 ग्रॅम भाज्या आणि वर 100 ग्रॅम फळं आहेत. अर्धं ताट भाजी-फळांनी भरलेलं दिसलं पाहिजे, बाई म्हणाल्या. सभागृहात शांतता पसरली. जो तो मनातल्या मनात दुपारचं ताट आठवत असावा.

मागून आवाज आला, ''मॅडम, हे 400 ग्रॅम बटाटा धरून की सोडून?''

''सोडून.''

मागच्या चार रांगांत चुळबुळ झाली. ''मग रताळं?''

''तेही सोडून. पिष्टमय कंद त्यात मोजत नाहीत.''

''साबुदाणा?''

''साबुदाणा भाजी कधीपासून झाला?'' बाईंचा तोल किंचित सुटला.

''नाही, तो कसावाच्या कंदापासून होतो ना, म्हणून विचारलं,'' प्रश्नकर्ता नम्रपणे म्हणाला. जालन्याचा माणूस, त्याला सगळं ठाऊक असतं. बाईंनी कसावाही बाद असल्याचं जाहीर केलं. अशा रीतीनं दोन मिनिटांत आषाढी एकादशीचं अख्खं ताट उडालं. त्यानंतर लोणच्यातली कैरी, सॉसमधला टोमॅटो आणि भज्यांतला कांदा यांच्या बाजूनं एकेक वकील उभा राहिला, पण खटला तिथेच हरलेला होता. शेवटी आभारप्रदर्शन झालं आणि अल्पोपाहार म्हणून बटाटेवडा व जिलबी देण्यात आली. वड्यात कोथिंबीर होती, हे आयोजकांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. चार माणसांचं घर म्हणजे रोजची 1 किलो 600 ग्रॅम भाजी आणि 400 ग्रॅम फळं. दिवसाला दोन किलो, आठवड्याला 14 किलो. कागद बायकोपुढे ठेवला. तिनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, ''आणा की. निवडणार कोण?''

पोषणशास्त्राच्या सगळ्या तक्त्यांत लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, तंतू यांचे रकाने असतात. 'निवडणे' असा रकाना मी कुठल्याही तक्त्यात पाहिलेला नाही. खरी गोम तिथे आहे. भाषण ऐकायला सभागृहात नवरे बसतात, मेथी निवडायला स्वयंपाकघरात बायको बसते, आणि भाजी कमी का खाल्ली जाते याचं संशोधन तिसरेच लोक करतात. 'निवडणार कोण' या प्रश्नाला मी तोंडी उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून मेथी माझ्या पुढ्यात येऊन पडायला लागली. तेव्हा कळलं, की मेथीची जुडी सोडली की आत गवताची दोन-चार पाती, थोडी माती आणि एखादं अनोळखी झाड निघतंच. कोवळा देठ ठेवायचा की काढायचा यावर घराघरात वेगवेगळे कायदे आहेत. आणि टीव्हीवर बातम्या लावून मेथी निवडली, तर अर्धी पानं कचऱ्यात आणि अर्धे देठ भाजीत जातात.

पोषणाच्या शिक्षणाला सरकारनं काही कमी केलेलं नाही. 1 ते 7 सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह 1982 पासून चालू आहे, आणि 2018 पासून तर सबंध सप्टेंबरच पोषण महिना झाला. माझी एक चुलत बहीण बदनापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. महिना आला की ती आणि मदतनीस ताई गावातून भाज्या गोळा करून भाज्यांची रांगोळी घालतात. गाजराच्या चकत्यांचा सूर्य, काकडीचे डोंगर, पालकाची झाडं आणि खाली टोमॅटोच्या फोडींनी 'पोषण' अशी अक्षरं. फोटो काढून वर पाठवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी पोरांना ताकीद असते. एका वर्षी पाहुण्यांचं भाषण जरा लांबलं, आणि तेवढ्यात एका पोरानं सरकत सरकत जाऊन पोटफोड्या 'ष' खाऊन टाकला. फोटोत नुसतं 'पोण' आलं. बहीण म्हणते, ''वरून विचारणा झाली तर होऊ दे. वर्षभरात शिकवलेलं त्या एकाच पोराला कळलं.''

फळांच्या बाबतीत तर आमच्यासारखे सुखी आम्हीच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांनी टँकरनं पाणी आणून बागा जगवायची धडपड केली. ज्यांना ते जमलं नाही, त्यांची वर्षानुवर्षं जपलेली झाडं उभी वाळली. इतक्या मोलाचं हे फळ आम्ही कधी खातो? दवाखान्यात भरती झाल्यावर. धडधाकट माणसाच्या घरी कुणी मोसंबी घेऊन आलं, तर घरचे आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात. भेटायला येणारा प्रत्येक जण जाळीची पिशवी आणतो. पेशंट एक, पिशव्या पाच, शेवटी त्या मोसंब्या सोबत थांबलेला मेव्हणा संपवतो. आणि रसवंतीवर गेलो, तर मोसंबीचा चोथा बादलीत आणि रसात बर्फ, साखर, काळं मीठ. तंतू त्या चोथ्यातच असतात, हे व्याख्यानात ऐकलेलं असतं. म्हणून आम्ही बादलीकडे हळहळून बघत ग्लास रिकामा करतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक मावशी बसते. ओल्या गोणपाटावर चुका, अंबाडी, तांदुळजा, घोळ अशा वेगवेगळ्या जुड्या, बाजूला पितळेचा तांब्या, त्यातून अधूनमधून पाल्यावर पाण्याचा शिपका. परवा एक नवी सून स्कूटीवरूनच म्हणाली, ''मावशी, ही कुठली भाजी?''

''अंबाडी हाय. उकडून घ्यायची, पानी पिळून टाकायचं, ज्वारीच्या कण्या घालायच्या अन् वरून लसनाची फोडनी. भाकरीसंगं खाय.''

''आंबट असते का हो?''

''आंबट नसली तर म्या परत घीन.''

सून हसली आणि गाडीवरून उतरली. मग मावशीनं तिला तांदुळजाही दाखवला. ''ह्याला उकडायचं नाही, नुसता परतायचा. ताटात घेतला की लिंबू पिळ.'' व्याख्यानातल्या बाईंनी पडद्यावर बाण काढून हेच सांगितलं होतं, की पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत 'क' जीवनसत्त्व हवं. मावशीकडे पडदा नाही आणि बाणही नाही. पण व्याख्यानानंतर कुणी भाजी घेऊन घरी गेलं नव्हतं. ही सून दोन जुड्या, वर फुकटची कोथिंबीर आणि दोन भाज्यांच्या कृती घेऊन गेली. वर्षभर पालेभाजीला नाक मुरडणारी माणसंही जानेवारीत भोगीला गाजर, वांगी, घेवडा, ओला हरभरा, बोरं असं सगळं एका पातेल्यातलं मिटक्या मारत खातात. भोगीला बॅनर नसतो आणि प्रमुख पाहुणाही नसतो. आई सांगते, बाजारात मिळतं, आणि करून वाढणारं कुणीतरी असतं, म्हणून ते खाल्लं जातं.

तेव्हा माझं मत विचाराल तर नवीन जालन्यात आता भाजीवर आणखी व्याख्यान नको. ज्ञान आमच्याकडे पोत्यांनी पडून आहे आणि बियाणं तर आम्ही देशाला पुरवतो. कमी पडतात ते हात. म्हणून समस्त पुरुष मंडळींना एवढीच विनंती आहे, की उद्या सकाळी कट्ट्यावर हळद्या रोगाची चर्चा आटोपली की येताना मेथीची एक जुडी आणा आणि टीव्ही बंद करून स्वतः निवडा. स्वतः निवडलेली मेथी माणूस ताटात टाकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.