माळावरची चौकट

विद्यापीठात एम.एस्सी.ला परिसंस्थाशास्त्र आणि जैवविविधता संवर्धन शिकतोय म्हटलं, की मावशी विचारते, "म्हणजे झाडं लावायची ना?" आपण अर्धा तास समजावून सांगावं. तिनं मन लावून ऐकावं आणि म्हणावं, "हां, म्हणजे झाडंच."

प्रत्यक्षात आम्ही गवत मोजतो. एक मीटर बाय एक मीटरची चौकट माळावर टाकायची आणि आतली काडी न् काडी ओळखायची. शास्त्रात हिला क्वाड्रॅट म्हणतात. सरकारी विद्यापीठात ती पीव्हीसी पाइपची असते आणि एसटीच्या टपावरून येते. चौकट कुठं पडावी हे नशिबावर सोडायचं, असा नियम आहे. पण मे महिन्यात नशीब नेमकं सावलीतच पडतं. आमची जर्नलं खरी मानली, तर पुणे जिल्ह्यातलं गवत मुख्यतः बाभळीखाली उगवतं.

पवन्या, मारवेल, कुसळी ही नावं वर्गात पाठ होत नाहीत. कुसळीचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा धरतं आणि बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. जमीन नाही मिळाली तर पायमोजा चालतो. बीजप्रसार हा धडा आम्हाला असा घोट्यापर्यंत समजला.

आम्ही एवढा मोजलेला माळ सरकारी कागदावर पुष्कळदा 'पडीक' असतो. लांडगा, खोकड, चिंकारा यांना ते कुणी कळवलेलं नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आज देशभरच्या रानात मिळून दीडशेही माळढोक उरले नसावेत. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि तिला चहूकडे मोकळं दिसावं लागतं. तिथं प्रेमानं झाडं लावणं म्हणजे तिच्या घरात भिंती बांधणं. हे मावशीला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मावशीचं सोडा, आमच्याच विभागात परीक्षेबाहेर ते कुणी सांगत नाही.

तोंडी परीक्षेत 'गवताळ प्रदेशातील वृक्षारोपणाचे दुष्परिणाम' घडाघडा सांगून आम्ही बरे गुण मिळवतो. मग 5 जूनचा पर्यावरण दिन उजाडतो. विभागामागच्या माळावर मांडव पडतो, प्रमुख पाहुणे येतात, गिरिपुष्पाची रोपं येतात, आणि कुदळी अर्थातच आमच्या हातात. भाषण ऐकता ऐकता आम्ही पवन्याचे ठोंब उपटत खड्डे खणतो. फोटो छान येतात.

रोपं मार्चपर्यंत वाळून जातात. पुढच्या बॅचचं कुणीतरी नेमकं तिथं चौकट टाकतं आणि जर्नलात इमानानं लिहितं : उघडी जमीन, 30 टक्के.