दंड माफ

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मी इतकी वर्षं फळ्यावरच शिकवलं. विन्स्टन रॉइसच्या 1970च्या निबंधातला वॉटरफॉल काढायचा आणि 'आधी ग्राहकाच्या गरजा एसआरएसमध्ये लिहून घ्या' असं ठणकावायचं. ग्राहक कधी पाहिला नव्हता. शेवटच्या वर्षाची मुलंही लायब्ररीत पाऊल न टाकता 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' करत. म्हणून यंदा खरा ग्राहक घ्यायचं ठरवलं आणि चौघांना घेऊन गावच्या वाचनालयात गेलो.

ग्रंथपाल काकांनी नियम सांगितले. अनामत, वर्गणी, उशीर झाल्यास दिवसाला 1 रुपया दंड. दहा मिनिटांत काम आटोपलं म्हणून मी खूश. मग काकांना एकेक आठवू लागलं. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी, अंक सात दिवसांत परत. एका आजींच्या कार्डावर तीन घरं वाचतात. अध्यक्षांना दंड नाही. त्यांच्या सासूबाईंनाही नाही, पण हे लिहू नका.

"सर, हे एसआरएसमध्ये कुठे टाकायचं?"

"नॉन-फंक्शनलमध्ये," मी म्हणालो.

कोड एकटी मुलगी लिहीत होती. बाकीचे तिघे 'डॉक्युमेंटेशन' बघत होते, म्हणजे ब्लॅक बुक नावाच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगचे भाव काढत होते. काम रखडलं, तशी मी आणखी तीन मुलं जोडून दिली. रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे फ्रेड ब्रुक्सने 1975मध्येच लिहून ठेवलंय. मी ते दरवर्षी पाच मार्कांना विचारतो. आता ती मुलगी कोड सोडून नव्या तिघांची शिकवणी घेऊ लागली.

तरी दिवाळीत सिस्टीम सुरू झाली. 12 नोव्हेंबरला पहिला अंक परत आला, अगदी मुदतीत. संगणकाने दंड सांगितला 178 रुपये. अंक नेल्याची 05/11 ही तारीख त्याने अमेरिकन पद्धतीने 11 मे अशी वाचली होती. मे महिन्यात दिवाळी अंक कोण नेतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. टेस्टिंग रिपोर्टवर सही करताना मलाही पडला नव्हता. समोर अध्यक्षांच्या सासूबाई उभ्या होत्या.

काकांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली, अंक जमा करून घेतला आणि एकच नवी गरज सांगितली: 'दंड माफ' असं बटण. मुलांनी ते त्याच दुपारी बसवलं. तारखेचं दुरुस्त व्हायला महिना लागला.

आता व्यवहार वहीत होतो. नंतर काका तो संगणकात भरतात आणि सगळ्यांना सरसकट 'दंड माफ' करतात. तुमच्या वाचनालयाचंही संगणकीकरण करायचं असेल तर जरूर कळवा, माझी मुलं हुशार आहेत. फक्त वही रद्दीत घालू नका.