धुळ्याचा एमबीए

धुळ्याहून जळगावला एमबीए करायला आलेला मुलगा ओळखायला अवघड नाही. त्याचं कुठलंही वाक्य 'आमच्या धुळ्याला' असं सुरू होतं आणि 'मार्केट'वर संपतं. अंतर म्हणाल तर नव्वदेक किलोमीटर. पारोळा, एरंडोल करत एसटी येते आणि शहर लागायच्या आधीच हायवेवर विद्यापीठ लागतं, म्हणजे गडी जळगावात शिरण्याआधीच उतरतो. पण आईने बांधून दिलेला चिवडा, शेव, लोणचं नि बिबड्यांचा डबा पाहिला, तर पोरगं अमेरिकेला निघालंय असं वाटावं. वडिलांच्या वेळी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. गुणपत्रिकेत काही चुकलं की पुणं गाठायचं. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुढच्या पिढीचं परदेश एसटीच्या टप्प्यात आलं.

पहिलं सेमिस्टर जळगावला नावं ठेवण्यात जातं. त्याला इतिहास आहे. 1906 पर्यंत सगळ्या खानदेशाचा कारभार धुळ्याहून चाले. मग इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम अशा वाटण्या केल्या आणि पूर्वेचा वाटा जळगावकडे गेला. मुंबईची मोठी रेल्वे लाइन तर आधीच जळगाववरून गेलेली. धुळ्याला मिळाला चाळीसगावचा फाटा. भाऊबंदकीतला हा बांध पोरगा अजून विसरलेला नाही. 'मनमाड-इंदूर लाइन होऊ द्या, मग बघा,' हे वाक्य तो बाविसाव्या वर्षी वाटण्यांना स्वतः हजर असल्यासारखं म्हणतो. खोली शोधताना रिक्षावाल्याने पत्ता सांगितला, 'पुढे चला, मग कोणालाही विचारा.' हा भडकला. 'आमच्याकडे गल्ली नंबर चार म्हटलं की विषय संपला. कॅप्टन ब्रिग्जने आखलेलं गाव आहे, भाऊ!'

रिक्षावाला म्हणाला, 'मग त्यालेच घेऊन यायचं ना सोबत.'

त्याचा टाय हा वेगळा विषय आहे. पहिल्या प्रेझेंटेशनला एका सीनियरने गाठ मारून दिली, ती पदवी मिळेपर्यंत सुटली नाही. सैल करायचा, डोक्यावरून काढायचा, खिळ्याला लटकवायचा. ब्लेझर खोलीत एकच, वापरणारे चौघं. त्यामुळे चौथ्याची पाळी येईपर्यंत त्याच्या खिशात तिघांचे मुद्दे, एक बसचं तिकीट आणि बडीशेप सापडते. एप्रिलात जळगावचा पारा त्रेचाळीसच्या पुढे सरकतो, तेव्हा हा ब्लेझर घालून 'कस्टमर कम्फर्ट'वर बोलतो.

विद्येचा पहिला प्रयोग मेसच्या मावशींवर होतो. एका रात्री त्याने जेवता जेवता मेसचं स्वॉट अॅनालिसिस ऐकवलं. स्ट्रेंग्थ शेवभाजी, वीकनेस पोळी, थ्रेट म्हणजे समोर उघडलेलं चायनीज. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

'ते होऊ दे. मागच्या महिन्याचे पैसे कधी देऊन राहिला, भाऊ?'

'क्रेडिट पिरियड चालू आहे, मावशी.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटीत नुसता लालभडक रस्सा आला. शेव कुठे गेली विचारल्यावर उत्तर मिळालं, 'तिचाबी क्रेडिट पिरियड चालू आहे.' वर आणखी, 'ज्या बहिणाबाईंचं नाव तुमच्या विद्यापीठाला दिलं, त्या शाळेत गेल्या नव्हत्या. तुले कशाले पाठवलं रे फी भरून?' विद्यापीठाला ते नाव 2018 साली मिळालं. मेसमधल्या उधारीवाल्यांची तेव्हापासून फार पंचाईत झाली आहे.

प्रेझेंटेशन कशावरही असो, याची पहिली स्लाइड विप्रोची. 1945 साली अमळनेरला वनस्पती तूप-तेलाचा कारखाना म्हणून निघालेली कंपनी पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि तिचे शेअर न विकता धरून बसलेले अमळनेरकर कोट्यधीश झाले. हे सांगताना त्याचा आवाज कातर होतो, कारण त्याच्या आजोबांनी कधीकाळी शेअर सोडून म्हैस घेतली होती. दिवाळीला घरी गेल्यावर त्याने भर पंगतीत त्यांना 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' समजावून सांगितली. आजोबांनी शांतपणे पुरणाचा मांडा दुधात कुस्करला.

'त्या म्हैसना दूधवर तुना बाप वाढना, आन तू त्याना पोऱ्या. शेअर दूध देस का?'

'डिव्हिडंड देतो, आजोबा.'

'मंग तोच कुस्कर मांडामा.'

दुसऱ्या वर्षी मात्र वारं फिरतं. थंडीत कुणाच्या तरी शेतावर भरीतपार्टी होते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात, वर मिरचीचा ठेचा नि कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. हा सुरुवातीला माणशी खर्च काढत होता. तिसऱ्या वाढपानंतर हिशेब सोडून आडवा झाला. तेव्हापासून धुळ्याला गेला की तो पाचकंदिलावर उभा राहून जळगावची स्तुती करतो: सोनं घ्यावं तर तिथलं, केळी तिथली, वांगी तर तिथलीच. मित्र त्याला 'जळगाववाले' म्हणू लागतात.

मग नोकरी लागते पुण्याला. ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, 'खानदेश म्हणजे विदर्भातच ना?' हा आतून पेटतो आणि लंच ब्रेकमध्ये सगळ्या टेबलाला धुळे, जळगाव आणि नंदुरबार समजावून देतो, गिरणा-पांझरेसकट. डब्यात दही घातलेलं भरीत दिसल्यावर तर त्याचा तोल सुटतो. संध्याकाळी योगायोगाने जळगावचा रूममेट मिळतो. दोघं गळ्यात पडतात, खानदेशी हॉटेल शोधतात, शेवभाजी मागवतात आणि ताट यायच्या आत भांडू लागतात: शेवभाजी मुळात कुणाची?