गादी घालवण्याची खात्रीशीर पद्धत

होतकरू राजाने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: सत्ता आपल्याला देवाने दिली आहे, तेव्हा हिशेब द्यायचाच तर त्यालाच. इंग्लंडचा पहिला चार्ल्स १६२५ मध्ये हीच श्रद्धा घेऊन गादीवर बसला. पंचाईत एवढीच, की लढायांचा खर्च देव देत नाही. तो संसदेकडे मागावा लागतो.

संसद पैशांआधी गाऱ्हाणी मांडू लागली, की तिला घरी पाठवावे. १६२९ मध्ये तहकुबीचा हुकूम आला, तेव्हा खासदारांनी सभापतीलाच खुर्चीत दाबून धरले आणि आपले ठराव उरकून घेतले. पुढची अकरा वर्षे राजाने संसद बोलावलीच नाही.

मग खर्चासाठी जुने कर उकरून काढावेत. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायची जहाजपट्टी शांततेच्या काळात, समुद्रापासून कोसो दूर असलेल्या गावांनाही लावावी. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने वीस शिलिंग भरायला साफ नकार दिला. बारापैकी सात न्यायाधीशांनी कौल राजाला दिला; नाव मात्र हॅम्पडनचे झाले.

एवढ्यानेही भागले नाही, तर लोकांच्या देवघरात हात घालावा. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर इंग्रजी वळणाची प्रार्थनापोथी लादली गेली. एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये पहिल्याच वाचनाला दंगल उसळली. पुढे स्कॉट फौज इंग्लंडात घुसली, आणि खर्चापायी राजाला पुन्हा संसदेचेच दार ठोठवावे लागले.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी: सभागृहात स्वतः शिरावे. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स हत्यारबंद शिपाई घेऊन पाच खासदारांना पकडायला आला. बातमी आधीच फुटली होती. पाचही जण होडीतून थेम्सवरून पसार. ते कुठे आहेत, असे राजाने विचारताच सभापती लेंथॉलने गुडघे टेकले आणि अत्यंत अदबीने सांगितले, की सभागृहाच्या आज्ञेवाचून आपल्याला पाहायला डोळे नाहीत, बोलायला जीभ नाही. राजा हात हलवत परतला. त्याच वर्षी यादवी पेटली.

३० जानेवारी १६४९ च्या कडाक्याच्या थंडीत चार्ल्सने दोन सदरे चढवले. अंग कापले तर लोकांना ती भीती वाटली असती. व्हाइटहॉलबाहेर त्याचे मुंडके उडवले गेले.

पुढे गादी परत मिळालेला त्याचा मोठा मुलगा, दुसरा चार्ल्स, मात्र या मार्गदर्शनाला अगदीच नालायक निघाला. वेळ पाहून माघार घ्यायचा, पैशाची नड जाणायचा. पोर्तुगिजांकडून हुंड्यात आलेली मुंबई त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. गादीवर असतानाच मेला.

धाकट्या जेम्सने घराण्याची रीत पुन्हा सुरू केली. स्वतः कॅथलिक, त्यात विरोध करणाऱ्या सात बिशपांवर खटला. ते निर्दोष सुटले. १६८८ मध्ये पळताना संसद बोलावता येऊ नये म्हणून त्याने राजमुद्रा थेम्समध्ये फेकली. सभा मुद्रेवाचूनच भरली. गादी त्याच्याच मुलीला व जावयाला मिळाली, आणि १६८९ च्या कायद्याने अटी घातल्या: संसदेच्या संमतीविना ना कर, ना शांततेत खडी फौज; आणि गादीवर कॅथलिक नाही. शेवटची अट आजही लागू आहे.