कूलर कधी आवरायचा?

जालन्याच्या माणसाला उन्हाळ्याबद्दल विचारू नये. विचारलंच, तर निवांत बसायची तयारी ठेवावी. ४२ अंशांना ऊन म्हणायचं की नाही, यावर गांधी चमनच्या आसपास चहा पिता पिता दोन मतं पडतात. (मे महिन्यात, भर दुपारी, उकळता चहा. त्याचंही समर्थन तयार असतं.) 'जालना, सोने का पालना' असं पूर्वापार म्हणत आले आहेत. आता पाळणा लोखंडाचा झालाय. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. अशा भट्टीपुढे पाळी करून माणसं घरी येतात त्या गावात ४४ अंशांची तक्रार सांगायची तरी कोणाला?

पूर्वी निदान घरं शहाणी होती. जुन्या वाड्यांवर माळवद असायचं: लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि भिंती अशा रुंद की कोनाड्यात मूल बसावं. बाहेरची दुपार भिंत ओलांडून आत येईपर्यंत दिवे लागायची वेळ व्हायची, आणि तोवर माणसं अंथरुणं घेऊन वर माळवदावर गेलेली असायची. मग स्लॅब आला. स्लॅब म्हणजे सावकार आहे. दिवसभर गोळा केलेलं ऊन तो रात्री दहानंतर व्याजासकट तुमच्या अंगावर टाकतो.

या स्लॅबवर मराठवाड्याने काढलेला तोडगा म्हणजे पत्र्याचा कूलर. तीन बाजूंना गवत, खाली पाण्याची टाकी, आत छोटा पंप आणि घर हलवणारा पंखा. विजेचा धक्का बसेल म्हणून त्याला आधी उलटा हात लावून पाहायचं, हे आमच्याकडे पोराला पाढ्यांच्या आधी शिकवतात. कूलर सुरू असताना घरातली सगळी बोलणी ओरडून होतात, त्यामुळे गुपितं एप्रिलच्या आत उरकलेली बरी. लहान पोरं त्याच्या तोंडाशी बसून 'ऑऑऑ' करतात आणि आपलाच चिरफाळलेला आवाज ऐकून खूश होतात. मोठी माणसंही करतात, घरात कोणी नसलं की.

खरा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे आमच्याकडे लग्नाची तारीख धरण्याआधी विचारतात. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे, पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, तरी पिंपं भरून ठेवण्याची सवय काही सुटत नाही. त्यात कूलर एका दुपारी बादल्यांमागून बादल्या पितो. हवा जितकी कोरडी तितका जास्त पितो आणि तितकाच जास्त गार वारा देतो. म्हणजे पाणी कमी असतं तेव्हाच तो रंगात येतो.

लग्नावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचा नारायण 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला. त्यामागे वैराग्य होतं, हे सर्वमान्य आहे. पण मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, शेरवानीत घट्ट बसवलेला नवरदेव पाहिला की पळण्याची इतरही कारणं सुचतात.

तर असे आम्ही कोरड्या उन्हाचे पैलवान. मुंबईहून आलेली मावशी मे महिन्यात 'इथे घाम तरी येत नाही बाई' म्हणते, तेव्हा आम्ही स्वतःची तारीफ झाल्यासारखे हसतो. घाम येतो, पण येता क्षणी वाळतो, एवढंच. आमची परीक्षा पुढे असते. ८ जूनच्या सुमारास मृग लागतो, एक सर येते, मातीचा वास सुटतो, सगळे आनंदाने अंगणात येतात, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, वारा पडलेला. पारा आठ अंशांनी उतरलेला असतो आणि माणूस पंचा घेऊन घरभर फिरत असतो.

हा अन्याय वाटतो, पण त्याला हिशेब आहे. तापमापकाच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा उतरतो आणि एका आकड्यावर थांबतो. कूलर कितीही घरघरला तरी त्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात ४२ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असली, तर तो आकडा २२च्या आसपास येतो. जूनमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के असली, तर २८च्या वर. हवाच ओली, ती आणखी पाणी घेणार कुठून? तिला आपला घामही नको असतो आणि कूलरचं पाणीही नको असतं. दोन महिने ज्याच्या तोंडाशी बसायला भांडणं झाली, तो कूलर आता खोलीत नुसती चिकट वाफ सोडतो. वर त्याचं गवत कुबट वास मारतं.

"अहो, आवरा ना आता तो कूलर," असं घरातून सुरू होतं.

इथे घाई केली की फसगत. जालना बियाण्यांचं गाव. जूनमध्ये दुकानांपुढे कपाशीच्या पाकिटांसाठी रांगा असतात. त्या रांगेतल्या माणसाला कृषी विभाग दरवर्षी बजावतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी. कूलरबाबत असं कोणी बजावत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मृगाची पहिली सर पडताच गवत फेकलं, टाकी घासली, कूलर जुन्या चादरीत बांधून माळ्यावर चढवला. मग पावसाने आठवडाभर दडी मारली, ऊन परत कडक झालं, आणि ते नवं गवत आणायला बाजारात निघाले. दुबार कूलर.

आमचा खिडकीतच आहे. टाकी कोरडी, पंप बंद, नुसता पंखा चालतो आणि वाळलेल्या गवताचा भुसा चहात पडतो. परवा शेजाऱ्यांनी हटकलं.

"तुमचा कधी आवरणार?"

"शंभर मिलिमीटर झाल्यावर."

"झाले की! पेपरात आलंय."

"ते तालुक्यात झाले. आपल्या गल्लीत कुठे?"