शेवाळ उभं राहीना!

ती. आबा व ती. आई यांस,
निशिकासाई, टोकियोहून.

पत्रात ‘मी, मी’ नको, बातमी हवी, हा आबांचा दंडक. वेरुळात बसून त्यांनी पेपरला बातम्या पाठवण्यात हयात घालवली, त्यामुळे पुढचा मजकूर बातमीदाराच्या भाषेत. काटछाट करायला हरकत नाही, पण खुशाली कापू नये. घरात सगळे ठीक आहेत, शेवाळ सोडून.

हो, शेवाळच. आबा दर पावसाळ्यात गच्चीवरून खराट्याने खरवडून काढतात आणि वर ब्लीचिंग पावडर टाकतात, तेच. चिरंजीवांनी ते स्टेशनजवळच्या फुलवाल्याकडून कुंडीसकट विकत आणलं. किंमत इथे छापत नाही. आईंचं ब्लडप्रेशर आहे. जातीचं नाव सुगीगोके. बोटभर उंचीच्या सरळ काड्या आणि त्यांना चहूबाजूंनी टोकदार पानं. कोरडं असताना पानं काडीला चिकटून असतात. फवारा मारला की दोन-चार मिनिटांत एकेक पान बाहेर वळतं आणि वरून पाहिलं तर प्रत्येक काडीच्या टोकाला हिरवी चांदणी दिसते. नात भिंग घेऊन हा कार्यक्रम बघते, त्यामुळे शाळेच्या बसला उशीर होतो.

पंधरवडाभर सगळं ताठ होतं. मग काड्या लांबल्या, बारीक झाल्या, आणि एके दिवशी सगळा फड आडवा. निशिकासाई ज्यात येतं त्याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडणुकीला उभे राहिले आणि निवडूनही आले. म्हणजे इथे मराठी माणूस उभा राहू शकतो, शेवाळ मात्र राहीना.

निदानावर मतभेद झाले. सूनबाई म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. चिरंजीव म्हणाले, खत. आईंनी व्हिडिओ कॉलवरून ताक शिंपडायला सांगितलं. आईंना सांगायला आनंद वाटतो की परदेशातले हौशी बागवानही शेवाळ ताकात घुसळून दगडांना फासतात. त्यातून शेवाळापेक्षा बुरशी जास्त उगवते, ही गोष्ट वेगळी.

खरी भानगड निराळी निघाली. शेवाळाला मुळंच नसतात. खाली जे तंतू दिसतात ते मुख्यतः धरून ठेवण्यासाठी. बहुतेक शेवाळांचं पान एका पेशीइतकंच जाड असतं आणि पाणी ते अंगानेच पितं. त्यामुळे कुंडीत तांब्याने पाणी ओतण्यापेक्षा वरून बारीक फवारा बरा. खत तर नकोच. पावसातून आणि धुळीतून मिळतं तेवढं त्याला पुरतं. काड्या आडव्या झाल्या त्या उजेडाअभावी. कुंडी टीव्हीशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात, एसीच्या गरम झोताखाली ठेवली होती. उजेड शोधत काडी लांबते, लांबली की बारीक होते आणि स्वतःच्याच भाराने लवते. त्यातून सुगीगोके हे मोकळ्या हवेचं, उन्हातलं शेवाळ. काचेच्या बंद बरणीत घालण्याचा सूनबाईंचा प्रयोग बुरशीने चार दिवसांत बंद पाडला.

आता कुंडी पूर्वेच्या खिडकीत आहे. लांबलेले शेंडे कात्रीने कापले, खालचा थर तळहाताने मातीत दाबून बसवला आणि तो हलू नये म्हणून वरून दोरा गुंडाळला. कापलेले तुकडे ओल्या मातीवर विस्कटून ठेवले, कारण शेवाळाच्या तुकड्यातूनही नवं शेवाळ फुटतं. पाणी रात्रभर उघडं ठेवून मग फवारायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आबांच्या बोअरचं पाणी याला चालणार नाही. तांब्यावर जी पांढरी पुटं चढतात, तीच पानांवर चढतील.

नातीला तिकडची हकिकत ऐकवली तर ती हसत सुटली. कैलास लेण्याच्या देशात दगडावरचं शेवाळ काढायला पुरातत्त्व खात्याची अख्खी विज्ञान शाखा आहे. याच खात्याची माणसं १९८६ ते १९९३ या काळात कंबोडियाच्या अंगकोर वाटला गेली आणि तिथल्या भिंतींवरचं शेवाळ अमोनिया लावून साफ केलं, त्यावरून टीकाही ओढवून घेतली. उलट क्योतोचं साइहोजी मंदिर शेवाळासाठीच प्रसिद्ध. तिथे सुमारे १२० जातींचं शेवाळ आहे आणि १९७७ पासून आगाऊ परवानगीशिवाय आत जाता येत नाही. गंमत म्हणजे ते कुणी लावलेलं नाही. मठाकडे बागेच्या देखभालीला पैसे उरले नाहीत, तेव्हा ते आपोआप पसरलं. हे वाचल्यापासून सूनबाई दुर्लक्षाचा पुरस्कार करतात. श्रावणात धुमार लेण्याजवळच्या धबधब्याखाली, सीतेच्या न्हाणीपाशी, जे शेवाळ उभं असतं त्याला कोण फवारे मारतं, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे.

चिरंजीवांचा युक्तिवाद असा की अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानने १९९२ आणि २००३ साली कर्ज दिलं. आपण त्यांचं शेवाळ सांभाळून व्याज फेडतोय.

कुंडी फेकायचा ठराव नातीने नामंजूर करवला. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर दीड हजार वर्षं गोठलेलं शेवाळ प्रयोगशाळेत पुन्हा वाढू लागलं, असं शास्त्रज्ञांनी २०१४ साली जाहीर केलं. म्हणजे बहुधा वेरूळच्या पहिल्या लेण्याला छिन्नी लागण्याआधीचं. मग आपलं तर गेल्या महिन्यातलं, असं तिचं म्हणणं. ठराव बारगळला. कापलेल्या तुकड्यांतून हिरवे ठिपके दिसू लागले आहेत.

आता कामाचं. दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांबरोबर आईंनी शेणखताची पुडी पाठवू नये. माती लागलेलं काहीही जपानच्या विमानतळावर अडवतात आणि पाहुण्यांना त्याचा खुलासा जपानीत करावा लागेल. त्याऐवजी शेंगदाण्याची चटणी पाठवावी, जास्त पाठवली तरी चालेल. आबांनी गच्ची मृगाआधीच खरवडून घ्यावी, आणि स्वतः न चढता गडीमाणसाकडून. पत्र वाचून झाल्यावर आत्याकडे द्यावं. तिने मनीप्लँटबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर पुढच्या पत्री.

आपले,
निशिकासाईकर